अध्यक्षांच्या भाषणात दिवे का गेले, याची कारणमीमांसा

"जिवंत माणूस दोन मिनिटं अजिबात न हलता राहूच शकत नाही," वहिनी म्हणाली. "हे माझं मत नाही, वन्सं. प्रयोग झालाय!"

वहिनीचे मत आणि वहिनीचा प्रयोग यांत फरक एवढाच, की मताशी वाद घालायची थोडी तरी सोय असे. बरीच वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर तिने नणंदेबरोबर ही सल्लागार संस्था काढली होती. कोणी कोणते चित्र घ्यावे, ते कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर आणि कोणत्या उजेडात टांगावे, हे सांगायचे आणि मग तसे टांगून द्यायचे, हा व्यवसाय. त्यात नणंद चित्रांविषयी बोलत असे आणि वहिनी चित्रांसाठी भांडत असे. नणंद म्हणायची, "या भिंतीला एक स्पंदन आहे." वहिनी विचारायची, "किती हर्ट्झ?"

सध्याचे काम पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचे होते. कारखान्याचे संस्थापक फावल्या वेळात जलरंगात चित्रे काढीत. ते वारले, कपाटातून चित्रांचा गठ्ठा निघाला, आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे विद्यमान अध्यक्षांनी, ती पाहुण्यांच्या नव्या दालनात लावायचे ठरवले. हे काम नीट झाले तर कारखान्याच्या सगळ्या शाखांचे काम मिळणार होते.

अध्यक्षांची मागणी साधी होती. "लखलखाट पाहिजे! बाबांचं चित्र दारातून दिसलं पाहिजे!"

"पन्नास लक्स," वहिनी म्हणाली.

"म्हणजे किती?"

"चित्र दिसेल. सुईत दोरा ओवायचा असेल, तर मात्र खिडकीशी जावं लागेल. आणि खिडकीला पडदा असेल."

जलरंग हा उजेडाच्या बाबतीत नणंदेसारखा असतो. झालेले काहीच विसरत नाही. पडलेला प्रत्येक किरण तो मनात धरून बसतो आणि उडालेला रंग पुन्हा येत नाही. म्हणून वहिनीने आणखी एक अट घातली: समोर माणूस असेल तेवढाच वेळ दिवा. छताला सेन्सर बसेल. माणसाची हालचाल दिसली की दिवे लागतील, दोन मिनिटे काहीच हलले नाही की विझतील. दालनात दुसरा दिवा असणार नाही.

"आणि कार्यक्रमाच्या वेळी?" अध्यक्षांनी विचारले. "शंभर माणसं बसणार आहेत."

"शंभर माणसं हलणार नाहीत? अहो, एक माणूस हलायचा थांबत नाही!"

हा निष्कर्ष तिने हवेतून काढला नव्हता. तोच सेन्सर तिने आधी स्वतःच्या ऑफिसमागच्या बिनखिडकीच्या चित्रकोठीत बसवला, त्याखाली नणंदेला खुर्ची दिली आणि सांगितले, "नेहमीसारख्या बसा." नणंद नेहमीसारखी बसली. म्हणजे तिने केस सारखे केले, बांगडी फिरवली, फोनवर एका चित्रकाराची समजूत घातली आणि त्यासाठी दोन्ही हात, मान आणि एक पाय वापरला. हात बांधले तर ही बाई मुकी होईल, असे तिचा सख्खा भाऊ सांगत असे. दुपार गेली, दिवा विझला नाही. वहिनीने समाधानाने नोंद केली: सिद्ध.

उद्घाटनाची संध्याकाळ आली. पडदे ओढलेले, भिंतींवर चित्रे मंद उजेडात श्वास घेतल्यासारखी (हे नणंदेचे म्हणणे, कागद श्वास घेत नाही). पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या मातोश्री. अध्यक्ष कोपऱ्यातल्या मेजामागे उभे राहिले. तो कोपरा सेन्सरच्या टप्प्याबाहेर होता, आणि हे वहिनीला ठाऊक होते; पण समोर शंभर माणसे असताना एकाची काय पत्रास!

अध्यक्षांनी भाषणाची पाने काढली. गठ्ठा चांगला जाड होता.

"पंप म्हणजे काय?" त्यांनी सुरुवात केली. "पंप म्हणजे एक विचार आहे."

पहिल्या पानावर माणसे खुर्च्यांत सावरून बसली. दुसऱ्यावर त्यांच्या माना एका बाजूला कलल्या. तिसऱ्यावर पाण्याच्या दाबाची आकडेवारी आली, आणि शंभर माणसांचे डोळे उघडे राहून आतले बिऱ्हाड दुसरीकडे गेले. कोणी खोकेना. कोणी खाजवेना. वहिनीने चमकून घड्याळ पाहिले. पण ती उभी होती खांबामागे, सेन्सरला न दिसणारी. खांबाबाहेर पाऊल टाकेपर्यंत—

टक्! काळोख.

"हात हलवा!" वहिनी ओरडली. "सगळ्यांनी हात हलवा!"

शंभर माणसे दचकून जागी झाली आणि बुडत्या माणसांसारखे हात हलवू लागली. दिवे लागले. अध्यक्षांना काय दिसले? समोर हातांचे रान!

"प्रश्न शेवटी!" ते कृपाळूपणे म्हणाले. "उत्साह समजू शकतो!"

आणि चौथे पान उलटले.

पाचव्या पानाला दिवे पुन्हा गेले. या वेळी कोणी हात हलवायलाही तयार नव्हते. काळोख थंड होता, खुर्च्या मऊ होत्या आणि अध्यक्षांना पान दिसत नव्हते. एवढे सुख कोण सोडतो! शेवटी वहिनीच मधल्या वाटेवर येऊन पाखरे हाकलावीत तशी दोन्ही हातांनी वारा घालू लागली.

उजेडात अध्यक्षांचा चेहरा तांबडालाल होता. "हा तमाशा बंद करा! वायरमनला बोलवा! सेन्सर काढा आणि मोठे दिवे लावा!"

"सेन्सर निघणार नाही," वहिनी म्हणाली.

"वहिनी..." नणंद कुजबुजली. "सगळ्या शाखा गं!"

"शाखा गेल्या तर जाऊ देत, वन्सं. हे बघा अध्यक्षसाहेब, मला काढा. आत्ता काढा! पण या चित्रांवर मोठा दिवा पडायचा असेल, तर आधी ती मी माझ्या हातांनी उतरवीन."

"माझ्या बाबांची चित्रं, आणि तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवणारच! तुमच्या केबिनमध्ये खिडकीसमोर त्यांचं एक चित्र आहे ना? होडीचं. तेवढं आणवा."

अध्यक्ष मुकाट झाले असते तर ते अध्यक्ष कसले; पण मातोश्रींनी नुसती मान हलवली आणि शिपाई पळत जाऊन चित्र घेऊन आला. फिकट कागद, मधोमध एक काळपट होडी. होडीखाली काही नाही, वर काही नाही.

"बाबांची शैली," अध्यक्ष म्हणाले. "त्यांना रिकामी जागा आवडायची."

नणंदेने खाली पाहिले. तिने याच रिकाम्या जागेवर माहितीपत्रकात पाऊण पान लिहिले होते.

वहिनीने चौकट मेजावर पालथी घातली, मागच्या पट्ट्या सैल केल्या, कागद बाहेर घेतला आणि सुलटा करून मातोश्रींपुढे धरला. कडेने, इतकी वर्षे पुठ्ठ्याच्या किनारीखाली झाकलेली बोटभर पट्टी उघडी पडली होती. निळी. अशी निळी, की उरलेला कागद धुऊन टाकल्यासारखा वाटावा.

"तळं होतं ते," मातोश्री म्हणाल्या. "कारखान्यामागचं. सबंध कागदभर होतं." त्यांनी बोट पुढे नेले आणि कागदाला न लावता तसेच धरले. "मला वाटायचं, माझेच डोळे गेले."

अध्यक्ष पाहत होते, नणंद पाहत होती, मागच्या रांगा उठून पाहत होत्या, आणि कोणीही हलत नव्हते.

टक्!

काळोखात बराच वेळ काही झाले नाही. मग दिवे लागले. मातोश्रींनी हात वर केला होता.

"हा दिवा राहू दे रे," त्या मुलाला म्हणाल्या. "आम्हांला जे तोंडावर सांगता येत नाही, ते हा सांगतो."

अध्यक्षांनी हातातल्या पानांकडे पाहिले आणि गठ्ठा खिशात घातला. जाताना ते वहिनीजवळ थांबले. "शाखांमध्येही हाच सेन्सर?"

"हाच."

"मग भाषण किती ठेवू?"

"दोन मिनिटांच्या आत," वहिनी म्हणाली. "यंत्राची मर्यादा आहे. तुमची नाही." शेवटचे वाक्य तिने नणंदेने पायावर पाय दिल्यावर जोडले.

दुसऱ्या दिवशी चित्रकोठीत, त्याच सेन्सरखाली, वहिनीने नणंदेला समोर बसवले. विजय मिळाला होता. पण एक अनुमान चुकले होते, आणि चुकलेले अनुमान वहिनीला दातात अडकलेल्या कणासारखे छळत असे.

"शितावरून भाताची परीक्षा केलीस, वहिनी," नणंद म्हणाली, "आणि शीत मी!"

"नमुना लहान होता, मान्य. पण तत्त्व चूक नाही. आता नीट ऐका." आणि वहिनीने अवरक्त किरणांपासून सुरुवात केली. मग तरंगलांबी आली. मग भिंगाचे कप्पे, त्यांतला तापमानाचा फरक, मग सेन्सरच्या आतल्या स्फटिकाची रचना आणि त्या स्फटिकाचा इतिहास. नणंदेने हनुवटी तळहातावर टेकवली. बांगडी फिरायची थांबली. वहिनी स्वतः मेजावर दोन्ही हात टेकून, प्राध्यापकाला शोभेल अशी, दगडासारखी स्थिर उभी होती. "थोडक्यात सांगायचं तर," ती म्हणाली, "श्रोता पूर्ण निश्चल होण्यासाठी वक्त्याच्या अंगी जी विशिष्ट पात्रता लागते—"

टक्!

"वन्सं," काळोखातून आवाज आला. "हात हलवा."

"पुरावा आहे, वहिनी. मी कसा नष्ट करू?"

वहिनीने हात हलवला नाही. ती काळोखातच पुढच्या मुद्द्याकडे वळली.