सामंतांची चाल

संगीतकार भार्गव सामंत जो आवाज चालीत घेत, तो गावातून कायमचा जाई. तीन वर्षांपूर्वी एका नाटकाच्या पदात त्यांनी देवळामागच्या विहिरीचा रहाट घेतला. रहाट अजून फिरतो, पाणीही येतं, पण करकरत नाही. पुढं भारद्वाज गेला. पक्षी कुंपणावर बसून चोच उघडतो, एवढंच. ग्रामपंचायतीत याची वेगळी वही आहे.

त्या दिवशी सकाळी सामंत पेटी घेऊन बसले होते. उद्या गाणं द्यायचं होतं आणि ध्रुवपदाची तिसरी ओळ सुचत नव्हती. दहाच्या सुमारास ग्रामसेवक तेली आले. चपला हातात घेऊन आले, आवाज नको म्हणून.

"ओढ्याला तेवढं सोडा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पाणी चढलंय हे लोकांना आवाजावरून कळतं. शाळेची पोरं तिथूनच येतात."

"मी मुद्दाम घेत नाही हो, तेली. चाल घेते. मला नंतर कळतं."

"तेही वहीत लिहिलंय आम्ही," तेली म्हणाले आणि अनवाणीच परत गेले.

दुपारभर ओळ आली नाही. चार वाजता सामंतांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या, "चला, टेकडीवर जाऊन येऊ. नुसतं बसून काही व्हायचं नाही."

सामंतांनी कानात कापूस घातला. ओढ्याची बाजू टाळून दोघांनी वरची पायवाट धरली. करवंदीच्या जाळ्या वाऱ्यानं हलत होत्या. खाली कुणी लाकडं फोडत होतं. सामंत कशाकडेच बघत नव्हते. मान खाली घालून चढत होते.

वळणावर मागून नलिनीबाई म्हणाल्या, "अहो, जपून. शेवाळ आहे तिथं."

कापसातूनही ते स्वच्छ ऐकू आलं. 'अहो' वर चढलं, 'जपून'वर जरा रेंगाळलं आणि हळूच खाली उतरलं. तिसरी ओळ पुरी झाली. सामंत जागीच थांबले. मागं वळायचा त्यांना धीर होईना.

वळले तेव्हा नलिनीबाईंचे ओठ हलत होते. सामंतांनी कापूस काढला. वारा ऐकू येत होता, कुऱ्हाडही.

"नलू, परत म्हण."

त्यांनी परत म्हटलं. मग स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि दगडावर बसल्या.

"ती ओळ मी टाकून देतो," सामंत म्हणाले.

नलिनीबाईंनी नकारार्थी मान हलवली. टाकलेल्या चालीतून काही परत येत नाही. भारद्वाजाच्या वेळी दोघांनी ते करून पाहिलं होतं.

थोड्या वेळानं, ओठ घट्ट मिटलेले असतानाही, सामंतांच्या छातीत अंतरा हलू लागला. नलिनीबाईंना तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. त्या उठल्या, त्यांनी सामंतांच्या तोंडावर तळहात दाबून धरला, आणि तशीच दोघं उतरू लागली.

समोरून एक म्हातारा गुराखी येत होता. त्यांना पाहताच त्यानं म्हशीच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली, बाजूला सरून वाट दिली, आणि दोघं खालच्या वळणाआड जाईपर्यंत मूठ सोडली नाही.