एकदाच इचाराचं

"फिकर नको करू आई. दोन घरची माणसं बोलताना कुठं अडकतात, हेच तं मी पुण्यात शिकून राह्यलो," हर्षलनं वऱ्हाडात जानेफळला घरी फोनवर सांगितलं. पीएच.डी. चालू होती त्याची, विषय 'भिन्न संस्कृतींमधील संभाषण'. असा माणूस स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत गप्प बसेल होय? अनुपमाचे आईबाबा, म्हणजे पुण्याचे लिमये, रविवारी घर बघायला येणार होते. लिमयेकाकांनी होकार दिला नव्हता. "माणसं बघून सांगतो," एवढंच म्हणाले होते.

शनिवारी घरी पोचल्या पोचल्या त्यानं आईवडिलांना समोर बसवलं.

"आपल्याकडं पाव्हणा 'नको' म्हणते, म्हणजे 'अजून आग्रह करा' म्हणते. पुण्यात 'नको' म्हणजे नकोच. वरून वाढलं तं त्याहिले जबरदस्ती वाटते. म्हणून एकदाच इचाराचं."

"आन् उपाशी राह्यले तं?" गीताबाईंनी विचारलं.

"भूक लागली का ते सोताच मांगतात."

"पाव्हणा मांगते?" किसनरावांना हे ऐकूनच पाप लागल्यासारखं झालं. पण पोरगं शिकलेलं. त्यांनी मान डोलावली.

इथवर ठीक होतं हो. पण अर्धं काम करून थांबेल तो संशोधक कसला! त्यानं तिकडं लिमयांनाही पढवून ठेवलं होतं. "आमच्याकडे लगेच 'वाढा' म्हणणं बरं दिसत नाही. दोन-तीनदा 'नको' म्हणायचं, मग घ्यायचं. त्यात माया असते." लिमयेकाका भला माणूस. वाटेत गाडीत त्यांनी 'नको'ची तालीमसुद्धा केली.

दुपारी पाहुणे आले, अनुपमाही बरोबर होती. प्रवासानं पार दमलेले.

"चहा घेता का?" किसनरावांनी विचारलं.

"नको, नको."

"बरं."

ट्रे आल्या पावली परत गेला. लिमयेकाकू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

मग पानं मांडली. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. तुपाचा वास ओसरीपर्यंत गेला होता.

"वाढू का?"

"छे छे, नको."

किसनरावांचा हात रोडग्याकडे निघाला होता, तो त्यांनी मोठ्या कष्टानं मागं घेतला. पाहुणा जेवल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही, ही रीत काही हर्षलनं मोडायला सांगितली नव्हती. त्यामुळं सगळेच रिकाम्या ताटांपुढं बसले आणि पाऊसपाण्याचं बोलू लागले.

थोड्या वेळानं किसनरावांनी पोराला अंगणात ओढलं. आवाज खाली गेला होता. "खरं सांग बे. आपल्या घरचं अन्न चालत नाही का त्याहिले? तसं असंन तं पोरगी आपल्या घरात नांदणार कशी?"

तेवढ्यात गाडीपाशी काकूंनी हर्षलला गाठलं. "तुमच्या घरी हे लग्न नकोच आहे ना? तोंडदेखलं विचारतात आणि गप्प होतात. मुलीला कुठे देतोय आम्ही?"

सगळ्यांना ताटांपाशी गोळा करून त्यानं घसा खाकरला. "त्याचं असं आहे, संभाषणाच्या दोन पद्धती जेव्हा एकमेकींना..."

"चूप बस," गीताबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, दोन रोडगे आणि तुपाची वाटी उचलली आणि थेट काकूंपुढं आल्या. "ताई, ताट धरा."

"नको, नको," काकू सवयीनं बोलून गेल्या.

"नको काऊन? इतक्या दुरून आल्या अन् उपाशी जाता का? मले नाही चालत." दोन रोडगे ताटात पडले. वर तूप.

काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, मला वाटलं तुम्ही परत विचारणारच नाही."

"या शहाण्यानंच परत इचारू नका म्हणून सांगलं होतं," गीताबाईंनी पोराकडं बोट दाखवलं.

"आणि आम्हाला यानंच 'नको' म्हणायला सांगितलं होतं," लिमयेकाका म्हणाले. दोन्हीकडच्या माना सावकाश हर्षलकडं वळल्या. मग मात्र जेवणं अशी झाली, की काका शेवटी ताटावर आडवे पडले आणि किसनरावांनी कडेनं वाढलं.

हात धुतल्यावर काका गंभीर झाले. "आम्हाला घर पसंत आहे. पण एक अट आहे."

किसनराव पुढं सरकून बसले.

"लग्न लागेपर्यंत तुमच्या चिरंजीवांनी आम्हाला तुमच्याविषयी आणि तुम्हाला आमच्याविषयी काही म्हणजे काही समजावून सांगायचं नाही."

"मंजूर," किसनराव म्हणाले.

"पण यामागचं कारण..." हर्षलनं तोंड उघडलं. अनुपमा टपलेलीच होती. तिनं त्यात उरलेला अख्खा रोडगा कोंबला, आणि त्याला 'नको' म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाही.