टिंकूला घरात ठेवण्याची व्यवस्था

मनुष्य चालायला शिकला की सर्वप्रथम घराबाहेर जातो. मानवजातीची सगळी प्रगती याच सवयीतून झालेली आहे, आणि म्हणूनच ती सवय वेळीच मोडण्याचं काम कुटुंबसंस्थेकडे सोपवण्यात आलं आहे. कोहमाऱ्याच्या चौकाजवळ राहणारं भोजराज बाबूजींचं कुटुंब हे काम किती निष्ठेने करत होतं, याची कुठेतरी दखल घेतली जायला हवी.

घरात कामाची माणसं चार. बाबूजींच्या पत्नी अन्नपूर्णाबाई, मुलगा लोकेश, सून पिंकी आणि मुलगी प्रेरणा. प्रेरणा सडक अर्जुनीला शाळेत शिकवायची. नवऱ्याची नोकरी रायपूरला, म्हणून ती आणि तिचा दीड वर्षाचा टिंकू माहेरीच असत. पाचवं माणूस, म्हणजे खुद्द बाबूजी, महिन्याभरापूर्वी वारले होते. ते निवृत्त होते, म्हणजे (घरच्यांच्या समजुतीप्रमाणे) दिवसभर ओसरीवर बसून असत. त्यांच्या जाण्याने घरातलं कोणतंही काम अडलं नाही. पाहुणे आले, पाहुणे गेले, तेरवी झाली, गॅसचं सिलिंडर वेळेवर आलं. फक्त टिंकू घरात राहीना.

हा निव्वळ योगायोग आहे, असं सर्वानुमते ठरलं.

"वयच हाय त्याचं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आता नाई फिरन तं कधी फिरन?"

पण गल्लीच्या तोंडाशी महामार्ग होता, आणि त्यावरचे ट्रक कोणाचं वय विचारत नाहीत. प्रेरणाला वर्गात फळ्यावर लिहिताना मधेच हॉर्न ऐकू यायचा आणि तिचा खडू थांबायचा. (शाळा रस्त्यापासून बरीच आत आहे.) तेव्हा उपाययोजना आवश्यक होती.

पहिली उपाययोजना फाटकाच्या कडीची. जो जाईल त्याने कडी लावावी, असा नियम झाला. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जाणारा 'आत्ता परत येतो' म्हणून कडी लावत नसे आणि येणारा 'आत्ता परत जायचंय' म्हणून, इतकंच. टिंकूने कडी एकदाही उघडली नाही. त्याला ती उघडता येत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग लोकेशने सुताराकडून दारात आडवी फळी मारून घेतली, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. या फळीवरून पहिल्याच आठवड्यात पिंकी पडली, अन्नपूर्णाबाई पडल्या आणि दूधवाला पडला (दुधासकट). टिंकू फळीवर पोट टेकवून पलीकडे उतरला आणि त्याने स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

लोकेशचं चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे तिसरा उपाय आधुनिक होता. ओसरीवर कॅमेरा बसला. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं. टिंकू बाहेर कसा गेला, हे संध्याकाळी चौघांनाही अतिशय स्पष्ट दिसलं. ते त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. पुन्हा पाहत असताना तो चौघांच्या पाठीमागून परत बाहेर गेला, आणि तेही चित्रित झालं.

"तू दुकानातून पाहून राहिला होता न? मंग?" पिंकीने नवऱ्याला विचारलं.

"गिऱ्हाईक होतं न व! तू तं घरातच होती."

"मले वाटलं, तू पाहून राहिला."

यातून एक तत्त्व हाती लागलं. घरात माणसं जितकी जास्त, तितकं मूल अधिक सुरक्षित आहे असं प्रत्येकाला वाटतं, आणि म्हणून ते तितकंच कमी सुरक्षित असतं. तत्त्व महत्त्वाचं होतं, पण त्याचा विचार करायला कोणालाच वेळ नव्हता.

शेवटी अन्नपूर्णाबाईंनी जुना मार्ग सुचवला. टिंकूच्या करदोड्याला घंटी बांधायची. घंटी वाजतेय तोवर पोर घरात. काम करता करता नुसता कान द्यायचा. बाजारातल्या घुंगरांचा आवाज स्वयंपाकघरात पोचेना, म्हणून बकऱ्यांच्या घंट्या विकणाऱ्याकडून त्याची सर्वांत खणखणीत घंटी आणली. ही व्यवस्था कमालीची यशस्वी ठरली. इतकी की समोरच्या शामकलाबाईंनी आपल्या बकरीच्या पिल्लासाठी त्याच माणसाकडून तशीच घंटी आणली.

त्या रविवारी घरात पूर्ण समाधान नांदत होतं. प्रेरणा उत्तरपत्रिका तपासत होती, पिंकी कपडे वाळत घालत होती, लोकेश दुकानातून मोबाइलवर कॅमेरा पाहत होता (मधे कोणाचा तरी फोन आला). अंगणात घंटी वाजत होती.

"टिंक्या, माती नको खाऊ रे!" पिंकीने गच्चीवरून आवाज दिला. घंटी क्षणभर थांबली.

"पाहा, किती ऐकते!" अन्नपूर्णाबाई कौतुकाने म्हणाल्या. मग घंटी चार पायांवर स्वयंपाकघरात आली आणि तिने निवडायला ठेवलेली मेथीची जुडी उचलली.

प्रेरणा चप्पल न घालता धावली ती थेट महामार्गावर. तिथे ट्रक होते, धाब्याच्या बाजा होत्या, एक कुत्रं होतं. रस्त्यावर काही पडलेलं नाही, हे तिने दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. काय शोधतो आहोत याचं नाव तिने मनातही घेतलं नाही.

टिंकू महामार्गावर गेलाच नव्हता. तो मागच्या गल्लीने निंबाच्या झाडाखाली उमेंद्रच्या पंक्चरच्या दुकानात पोचला होता आणि एका जुन्या टायरवर, रोजची जागा असल्यासारखा, पारले बिस्किट खात बसला होता. उमेंद्र महिनाभर बहिणीकडे डोंगरगडला होता, कालच परतला होता.

"काय व ताई, आज एकट्यालेच धाडलं?" तो म्हणाला. "बाबूजी कुठी हायेत?"

प्रेरणाने टिंकूला उचललं. तो उतरायला धडपडू लागला.

"रोज येतेत न दोघं. हा पुढं, बाबूजी मांगं. हा थांबला का थे थांबत. हा मुंग्या पाहत बसला का थे बी पाहत. मी म्हणो, बाबूजी, हात तरी धरा पोट्ट्याचा. तं म्हणत, 'कायले? थो मले फिरवून राहिला.'" उमेंद्र हसला. "सडकीकडं वळला का तेवढं समोर येऊन उभे राहत. बस."

"बाबूजी गेले, उमेंद्रभाऊ," ती म्हणाली. "महिना झाला."

उमेंद्र हातातला पान्हा ठेवायला जागा शोधू लागला. जागा भरपूर होती.

संध्याकाळी कुटुंबाची बैठक झाली. पद रिक्त असल्याचं प्रथमच मान्य करण्यात आलं. पदासाठी पात्रता पुढीलप्रमाणे निघाली: उमेदवाराला दुसरं कोणतंही काम नसावं, मुंगी पाहण्याइतका वेळ असावा, आपण पुढे असावं अशी इच्छा नसावी. चौघांनीही उपस्थितांकडे पाहिलं. लोकेशला दुकान होतं, पिंकीला घर होतं, अन्नपूर्णाबाईंना गुडघे होते. पात्र उमेदवार न मिळाल्याने फाटकाला आणखी एक कडी लावावी, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर प्रेरणाने दोन्ही कड्या काढल्या. टिंकू पुढे, ती मागे. निंबाचं झाड चांगलं नजरेच्या टप्प्यात होतं, पण तिथवर पोचायला अंधार पडत आला. वाटेत तो थांबला तिथे ती थांबली. कशासाठी थांबलो ते काही ठिकाणी तिला अजिबात कळलं नाही.

आपल्या घरी असं काही घडणार नाही, याची वाचकांना खात्री असेल. आपल्याकडे दाराशी कोणी ना कोणी बसलेलं असतंच. तरी एकदा फोन करून चौकशी करावी, दिवसभर काय करता म्हणून. "काही नाही, बसून आहो," असं उत्तर आलं, तर लगेच फोन ठेवू नये. प्रेरणाला शाळेच्या मधल्या सुट्टीत बाबूजींकडून रोज हेच उत्तर मिळायचं, आणि ती निश्चिंत होऊन डबा उघडायची.