फैलका बेटावरची माया

मेक्सिकोची तिकिटं रद्द झाली, तेव्हा शशिकांत खांबेटे यांचा माया संस्कृतीचा अभ्यास अगदी परीक्षेला बसण्याइतका झाला होता. लेक जुईली चौथीत असताना त्यांनी तिला कबूल केलं होतं की आपण माया लोकांचे पिरॅमिड बघायला जाऊ. त्यावर तिने विचारलं होतं, "माया मीन्स, आई शिवताना सोडते ती?" शर्मिलाताई तिचा प्रत्येक फ्रॉक आत भरपूर माया ठेवून शिवत, म्हणजे पोरगी वाढली की शिवण उसवून सैल करता येई. त्या घरात मायेचा तेवढाच अर्थ माहीत होता.

त्यानंतर दर वर्षी काही ना काही आडवं येत गेलं. कधी परीक्षा, कधी इकामा, म्हणजे आखातात राहण्याचा परवाना अडकलेला, आणि आता प्लांटचं शटडाउन, म्हणून सगळ्यांच्या रजा बंद. पुढल्या महिन्यात जुईली शिकायला कॅनडाला जाणार होती. तिने "इट्स ओके, बाबा" म्हटलं आणि कानात इयरफोन घातले. ते ओके शशिकांतरावांच्या फार जिव्हारी लागलं. लेकीला एक तरी पडकं शहर आपण स्वतः समजावून दाखवायचं, नाहीतर ती बाप म्हणजे निव्वळ बोलघेवडा हे मनात धरून जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत तिघं बोटीने जवळच्या फैलका बेटावर गेली. तिथे चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत. पण त्या दिवशी तिथलं फाटक बंद निघालं. शशिकांतराव फोनमधला नकाशा उलटा धरून दुसऱ्याच दिशेला चालू लागले आणि पाऊण तासाने एका छप्पर उडालेल्या दगडमातीच्या घरात येऊन थांबले. ते इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. भिंतीशी त्यांचा संबंध खिळा ठोकण्यापुरता, तोही शर्मिलाताई दाखवतील तिथे.

"आता हा ओटा बघ," ते म्हणाले. "माया लोकांकडे असाच बळी देण्याचा ओटा असतो."

जुईलीने एका कानातला इयरफोन काढला. "बळी? रिअली?"

इतक्या वर्षांत ती त्यांच्या कुठल्याही वाक्यावर थांबली नव्हती. शशिकांतरावांना चेव आला. बघता बघता "तिकडे असतं" याचं "इथे होतं" झालं. भिंतीतली दगडांनी बुजवलेली चौकट म्हणजे पुजाऱ्यांचं खोटं दार, त्यातून फक्त देवांची ये-जा. दुसरा इयरफोनही निघाला. शर्मिलाताईंनी दोनदा खोकून पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

तेवढ्यात शहरातल्या अर्दिया भागात फरशी बसवण्याचं काम करणारा बाळा नावाचा एक कोकणी गडी आणि त्याचे दोन सोबती तिथे आले. तेही सुट्टीचे फिरायला आले होते. बाळाने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "साहेब, थळ जागृत आसा काय?"

एव्हाना माघार घेणं कठीण होतं. "होतं एकेकाळी," शशिकांतराव म्हणाले.

"मगे पायतणां काढूक व्हयी," असं म्हणून बाळाने बूट बाहेर ठेवले. सोबत्यांनी ठेवले. त्यांचं बघून खुद्द शशिकांतरावांना काढावे लागले, आणि मग मायलेकींनाही. बाळाने पिशवीतली केळी ओट्यावर ठेवून हात जोडले. त्याच वेळी पायघोळ काळ्या अबायातल्या एक वयस्कर बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी बाहेरच्या बुटांच्या रांगेकडे पाहिलं, मग केळ्यांकडे. त्यांचं नाव फातिमा. वडील पूर्वी गलबत घेऊन मुंबईला जात, त्यामुळे बाईंचं हिंदी बरं होतं. इथे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

शेवटी जुईलीनेच सांगितलं, की तिचे बाबा या जागेचा इतिहास सांगतायत. हा बळीचा ओटा आहे.

"यहाँ मेरी अम्मा मछली साफ करती थी," फातिमाबाई म्हणाल्या.

शशिकांतरावांना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. लेकीकडे बघण्याची त्यांची छाती होईना. "मेरी गलती है," ते कसेबसे म्हणाले. बाळाने केळी उचलावीत की राहू द्यावीत, या विचारात हात अर्धाच पुढे केला.

फातिमाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नव्वद साली लढाई आली तेव्हा सगळं बेट रिकामं झालं, त्यांचं घरही. लोक येतात, फोटो काढतात, डबे टाकून जातात. अम्मा मात्र बूट घालून कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, सख्ख्या नवऱ्यालाही नाही. "इतने साल में आज पहली बार कोई जूते उतारके आया," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या चपला काढून आत आल्या.

मग त्यांनी घर दाखवलं. जुईली त्यांच्या मागोमाग फिरत प्रश्न विचारत होती. इयरफोन कधीच खिशात गेले होते. बुजवलेल्या चौकटीपाशी ती थांबली आणि हे कशाला, म्हणून तिने विचारलं.

ते भावासाठी, फातिमाबाई म्हणाल्या. त्याचं लग्न झालं की पलीकडे खोली वाढवायची, म्हणून वडिलांनी आधीच दाराची जागा सोडून ठेवली होती. खोली झालीच नाही.

जुईली बापाकडे वळली. "बाबा, म्हणजे माया ठेवली होती."

शशिकांतरावांनी नुसती मान हलवली. केळी फातिमाबाईंनी सगळ्यांना वाटली.

संध्याकाळी घरी शर्मिलाताई लेकीचा कॅनडाला न्यायचा कुर्ता घेऊन मशिनवर बसल्या. आदल्या दिवशी याच कुर्त्यावरून वाद झाला होता. "आई, आय ॲम एटीन, मी आता काय वाढणार?" असं म्हणून जुईलीने बरोब्बर मापाचा हट्ट धरला होता.

"किती माया ठेवलीस?" शशिकांतरावांनी विचारलं.

"जेमतेम. तिला नकोय ना."

आतल्या खोलीत बॅग भरण्याचा आवाज थांबला.

"ठेव गं आई," जुईली आतून म्हणाली. "जास्त ठेव."