मिशी दिसेल इतका क्रोम

आमचे शेजारी हिलालआप्पा सोनवणे मिशी विंचरतात ती बंपरमध्ये बघून. हा बंपर मोटारीचाच असतो, पण मोटार वीतभर लांब असते आणि बंपर माझ्या करंगळीपेक्षा थोडा लहान. आप्पा खिडकीच्या उजेडात तो बंपर नाकासमोर धरतात, एक डोळा मिटतात, मिशीचं उजवं टोक वर वळवतात आणि स्वतःलाच विचारतात, "मिशी दिसस का?"

दिसली तर काम पास. नाही दिसली तर बंपर परत.

"आरसा शे ना घरमा!" आतून अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, भाकरी थापता थापता ओरडतात. "पण नही! यास्ले बोटभर पत्रामा मिशी दखनी पडस!"

सुरतेत गोडादऱ्याला त्यांची खोली आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे हा संवाद मी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी फुकट ऐकतो. मी लिंबायतच्या मराठी शाळेत भूगोल शिकवतो. आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. एका कपडा मिलमध्ये त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. मिल बंद पडली आणि त्यांनी घरात मोटारी बनवायला सुरुवात केली. तेलाच्या डब्याचा पत्रा, पितळी पट्टी, जुन्या छत्रीच्या काड्या असल्या ऐवजातून ते अशी मोटार उभी करतात की दार उघडतं, स्टिअरिंग फिरवलं की चाक वळतं.

पहिल्या भेटीत मी त्यांच्या कपाटाकडे बघून कौतुकाने म्हणालो, "वा! किती छान खेळणी!"

आप्पांनी माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अगदी शांतपणे. अर्धा प्यायलेला.

"खेयनं नही, मास्तर. मॉडेल शे."

तेव्हापासून मी त्या घरात 'मॉडेल' हा शब्द चहा पिऊन संपेपर्यंत मधून मधून वापरत राहतो.

आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान क्रोमचं आहे. रंग काय, कोणीही देईल, असं ते म्हणतात. "क्रोम म्हंजे मोटारना दात. मोटार हसनी की दात दिसाले पाह्यजेत." त्यामुळे हल्लीच्या नव्या गाड्या त्यांना बघवत नाहीत. काळ्या प्लास्टिकचा बंपर लावलेली गाडी रस्त्यात दिसली की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळहळतात, "अरेरे. बोळकी!" एकदा आमच्या शाळेच्या विश्वस्तांनी नवीकोरी गाडी घेतली. पेढे वाटले. आप्पा पेढा खाऊन त्यांना म्हणाले, "गाडी चांगली शे, पण कवळी बसाडा."

या मिशीच्या कसोटीमागे एक गोष्ट आहे. आप्पा अठराव्या वर्षी सुरतेला आले तेव्हा एका खोलीत बारा जण राहायचे आणि आरसा एकाचाच होता, तोही कुलपातल्या पेटीत. मिलच्या फाटकाशी शेठची लांबलचक मोटार उभी असायची. पाळी सुरू होण्याआधी आप्पा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने तिच्यासमोर वाकायचे. स्वतःची मिशी फुटलेली त्यांनी पहिल्यांदा बघितली ती त्या बंपरमध्ये. "पायमा बूट नव्हता," अक्का इथे हमखास सांगतात, "नाडी कसानी बांधी?"

तर गेल्या वर्षी आप्पांनी तीच शेठची मोटार बनवायला घेतली. सगळी झाली. राहिला फक्त बंपर, आणि तिथे घोडं अडलं, कारण सुरतेत लहान वस्तूंना क्रोम करून देणारं कोणी उरलंच नव्हतं.

पूर्वी म्हणे स्टेशनपलीकडच्या गल्ल्यांत अशी पुष्कळ दुकानं होती. सायकलींचे हँडल, स्कूटरचे आरसे, पलंगाचे गोळे, सगळं तिथे चमकून निघायचं. एकाने दुकान विकून भरतकामाची मशीन टाकली, एक मुलाकडे निघून गेला, आणि उरले ते मोठे झाले. असा एक मोठा बमरोलीला आहे असं कळल्यावर मी आप्पांना स्कूटरवर घालून तिकडे नेलं. माझी स्कूटर डावीकडे आडवी केल्याशिवाय सुरू होत नाही, आणि आडवी केली की मला उभी करता येत नाही. ते काम आप्पा करतात. म्हणजे त्यांना नेणारा मी, पण निघायला तेच लागतात.

त्या कारखान्यात यंत्रमागांच्या सुट्या भागांचे ढीग पडले होते. मालकाने मान वर न करता विचारलं, "केटला किलो?"

आप्पांनी शर्टाच्या खिशातून अक्कांचा कुंकवाचा करंडा काढला, करंड्यातून कापूस, कापसातून बंपर. मालकाने तो काट्यावर ठेवला. काटा हलला नाही. त्याने काट्याला एक चापट मारली. तरी हलला नाही.

"काका, आ तो दांतमां भराई जाय एटलुं छे!" तो म्हणाला. दातात अडकेल एवढीशी ही वस्तू आमच्या हौदात पडली तर शोधणार कोण? आणि सगळे कामगार बंपर बघायला जमले. त्यांतला एक म्हणाला, "मस्त खेळणं आहे."

आप्पांनी बंपर कापसात, कापूस करंड्यात, करंडा खिशात घातला आणि ते स्कूटरकडे चालू लागले.

शेवटी सापडले ते ठाकोरभाई. जुन्या शहरात त्यांचं दुकान. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर धुऊन निघालं आणि गल्ल्या रुंद झाल्या, त्यात त्यांचं अर्धं दुकान रस्त्यात गेलं. उरलेल्या अर्ध्यात तीन छोटे हौद: तांब्याचा, निकलचा, क्रोमचा. हौदांमागे सत्तरीचे ठाकोरभाई, बनियनवर. अस्सल सुरती माणूस, प्रत्येक वाक्याला एक शिवी. मी मास्तर असल्यामुळे त्या इथे गाळतो. गाळल्यावर त्यांच्या बोलण्यात 'आव' आणि 'बेस', म्हणजे ये आणि बस, एवढेच दोन शब्द शिल्लक राहतात.

"आव, मिस्तरी," त्यांनी पहिल्याच दिवशी आप्पांना म्हटलं. "बेस."

त्यांनी बंपर उलटसुलट करून बघितला, नखाने कड तपासली, आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेत ओवून हौदात सोडला. वजन विचारलं नाही. हौदात पडला तर काढायला लांब दांडीची प्लास्टिकची चहागाळणी टांगून ठेवली होती. मी सुचवलं की दोरीला लोहचुंबक बांधलं तर बरं. दोघे म्हातारे माझ्याकडे बघत राहिले.

"पितळ?" आप्पा म्हणाले. "लोहचुंबकले?"

"मी भूगोल शिकवतो," मी म्हणालो.

निकल चढायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात दोघे उपड्या डब्यांवर बसून अर्धा अर्धा चहा प्यायले. दोघांचे मिळून पाच शब्दही बोलून झाले नसतील. निघताना ठाकोरभाईंचा मुलगा जयेश आला. भला मुलगा, पण त्याला तिथे एस.टी.डी.चा बूथ काढायचा होता. तो आमच्यादेखत बापाला म्हणाला, "बापूजी, तुमची हौस म्हणून चालू आहे. कोणी येतंय तोवर ठेवा. ज्या रविवारी एकही गिऱ्हाईक आलं नाही, त्याच्या सोमवारी हौद काढायचे. ठरलं ना?"

ठाकोरभाईंनी एक लांबलचक वाक्य उच्चारलं, ज्यातलं मला इथे काहीच लिहिता येत नाही.

घरी येऊन आप्पांनी बंपर नाकासमोर धरला. एक डोळा मिटला. मिशीचं उजवं टोक वळवलं, मग डावं.

"मिशी दिसस नही," ते म्हणाले. "परत."

पुढच्या रविवारी परत गेलो. ठाकोरभाईंनी जुना थर उतरवला, नवा चढवला. चहा झाला. घरी येऊन आप्पा म्हणाले, उजवीकडे ढगाळ आहे. त्याच्या पुढच्या रविवारी मध्ये एक रेघ आली. मग एक ठिपका. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, दिवाळीच्या सुट्टीत मी गावी जायचं म्हणत होतो ते राहिलं, आणि करंगळीएवढा बंपर काही पास होईना. माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, एवढ्या वेळात तुमचा एखादा विद्यार्थीसुद्धा पास झाला असता." हे जरा लागलं.

म्हणून एका शनिवारी दुपारी मी मनाचा हिय्या करून आप्पांकडे गेलो. उद्यापासून स्कूटर मिळणार नाही, असं स्पष्ट सांगणार होतो. दार उघडंच होतं. आप्पा खिडकीत पाठमोरे बसले होते आणि मागच्या रविवारी आणलेला लखलखीत बंपर पॉलिश पेपरने घासत होते. हळूहळू, गोल गोल.

"आप्पा!"

ते दचकले नाहीत. पेपर खाली ठेवला.

"अहो, चांगला झाला होता की तो!"

"पहिल्याच दिवशी झायता," आप्पा म्हणाले. "अशी मिशी दिसनी की एकेक केस मोजी ल्या."

"मग हे काय?"

"त्यान्हा पोऱ्या काय बोलना, आयकं ना तुम्ही? गिऱ्हाईक नही तं हौद नही. हौद नही तं ठाकोर कोठे बसी?" त्यांनी बंपरवर फुंकर मारली. "मिल बंद पडनी तवय मी बसेल शे घरमा. माले माहीत शे. कालदिन मिस्तरी व्हतू, आज कोनीच नही. मन्हा पोऱ्या गुजरातीमा बोलतस, सुना टीव्ही दखतस. आते मिस्तरी म्हननारा तो एकच ऱ्हायना."

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

मी स्कूटरबद्दल जे बोलायला आलो होतो ते बोललो नाही. पॉलिश पेपर मात्र नवा आणून दिला, आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून.

मग गेल्या महिन्यात आप्पांना मलेरिया झाला. शनिवारी संध्याकाळी दोन गोधड्यांखालून त्यांनी मला हाक मारली. बंपर तसाच चकचकीत होता, घासायला हातात जोर नव्हता.

"मास्तर, उद्या रविवार."

"मी जाईन."

"घासीसन."

"घासून जाईन, आप्पा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या हातावर कारागिरीचं काम सोपवलं होतं. मी रविवारी सकाळी टेबलाशी बसून मोठ्या निष्ठेने बंपर घासला. स्कूटर आडवी करून सुरू केली, ती उभी करायला शेजारचे दोघे आले, आणि मी ठाकोरभाईंकडे पोचलो.

त्यांनी माझ्या मागे बघितलं. मग स्कूटरकडे. मग करंडा उघडून बंपर उजेडात धरला.

"मिस्तरी बीमार है?"

मी म्हणालो, "थोडा ताप आहे. पण हा डाग राहिलाय बघा, ते म्हणाले..."

"मास्तर," ठाकोरभाई म्हणाले, "आज ये मिस्तरी ने नहीं घिसा. मिस्तरी का हाथ गोल चलता है. ये तो सीधी लाइन है. जैसे कोई पेपर जाँचता है."

मी बंपरकडे बघितलं. उत्तरपत्रिकेवर मारतो तशा तिरक्या रेघा होत्या खऱ्या, एकाखाली एक.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चालीस साल से प्लेटिंग करता हूँ," ते म्हणाले. मध्ये एक शिवी होती, पण ती मला नव्हती. "मेरा माल ऐसे बिगड़ता है क्या?" मग त्यांनी तार ओवली आणि बंपर हौदात सोडला. "उसको बोलना मत. शरमाएगा. फिर नहीं आएगा."

अर्धा तास आम्ही डब्यांवर बसलो. चहा एकच आला आणि त्यांनी तो माझ्याबरोबर अर्धा केला. जयेश आला, हौदातली तार चालू आहे हे बघून परत गेला. निघताना ठाकोरभाईंनी नानखटाईचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, मलेरियात तोंडाला चव नसते.

घरी आलो तेव्हा आप्पा उशीला टेकून बसले होते. दाढी वाढली होती, मिशी खाली पडली होती. नानखटाईकडे त्यांनी बघितलं आणि पुडा उशाशी ठेवला.

"ठाकोरले काही समजनं का?"

"छे! त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

"म्हतारा व्हयना," आप्पा समाधानाने म्हणाले.

त्यांनी कापसातून बंपर काढला. नाकासमोर धरला आणि एक डोळा मिटला. अक्का पिठाचे हात तसेच ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. मीही वाकून बघितलं. इतका सुंदर क्रोम मी आजवर पाहिला नव्हता. त्यात खिडकी होती, खिडकीतला लिंब होता, आप्पांची पडलेली मिशी होती, केसन् केस.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "डावा कोपराले डाग शे ना?"

मी चष्मा काढला, धोतराला पुसतात तसा शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि नीट निरखून बघितलं.

"आहे," मी म्हणालो. "बारीक आहे, पण आहे."