तोंड नेदरलँड्समध्ये, कान बेल्जियममध्ये

आमच्या गावच्या कॅफेत फरशीवर पांढऱ्या फुल्यांची ओळ आहे. अलीकडे बेल्जियम, पलीकडे नेदरलँड्स. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्या शनिवारी सकाळी ओडेटबाई ओळीच्या अलीकडे बसल्या होत्या आणि रिक स्मीट्स पलीकडे. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने रिक म्हणाला, "जंगलातून आलेल्यांनी जंगलातच कॉफी प्यावी."

ओडेटबाई काँगोहून आल्या त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या गावाचे कपडे शिवतात. रिकची लग्नातली पँटसुद्धा त्यांनीच दोनदा सैल करून दिली आहे. असली वाक्यं गिळून घरी जायचं आणि मशीन चालवायचं, हेच आजवर चाललं होतं. या वेळी मात्र त्यांनी पोलिसांना बोलावलं. त्यांना ना माफी हवी होती, ना दंड.

"हे वाक्य एकदा कागदावर आलं पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या.

बेल्जियमचे लाम्ब्रेख्तसाहेब आले, फुल्या पाहून त्यांचा चेहरा पडला. बोलणाऱ्याचं तोंड नेदरलँड्समध्ये होतं. मग नेदरलँड्सच्या हुल्सेनबाई आल्या. त्यांचं म्हणणं, अपमान कानाला होतो आणि कान बेल्जियममध्ये. कायदा दोन्हीकडे आहे, पण कलमं निराळी, फॉर्म निराळे, असं दोघांनी फार दुःखाने सांगितलं.

शेवटी मोजपट्टी आली. बोलताना रिक किती पुढे वाकला होता यावर एकमत होईना, म्हणून त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच अवघडला. चौथ्या खेपेला लाम्ब्रेख्तसाहेब म्हणाले, "जरा मोठ्याने."

"लाज आहे का कुणाला?" ओडेटबाई ओरडल्या आणि त्यांनी कप आपटला. त्याचे तुकडे झाले.

दोन्ही पोलिसांच्या वह्या एकदम उघडल्या. गुन्हा: सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा.

"आणि माझं तोंड कुठे होतं ते नाही मोजायचं?"

"गरज नाही, बाई," हुल्सेनबाई हळूच म्हणाल्या. "हे दोन्हीकडे सारखंच आहे."

फॉर्मवर 'ओरडण्याचं कारण' असा रकाना होता. त्यात रिकचं वाक्य शब्दशः उतरलं, खाली दोन देशांचे शिक्के बसले. ओडेटबाईंनी आरोपी म्हणून सही केली. तीस वर्षांनी का होईना, ते कागदावर आलं होतं. त्यांनी एक प्रत मागितली.

प्रत फक्त फिर्यादीला मिळते, असं दोघांनी एकाच सुरात सांगितलं.