पाणीपुरी आत जाईना

डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या गाडीवर साकेतने पहिली पाणीपुरी तोंडाशी नेली, पण ती आत जाईना. दातांवर आपटून फुटली आणि सगळं पाणी हनुवटीवरून शर्टात उतरलं.

धाकटी बहीण दीप्ती खो खो हसली. तिच्या वाढदिवसाला दोघांची पाणीपुरीची पैज लागायची आणि दरवेळी साकेतच जिंकायचा.

"भैया, पुरीची साइज कशाला वाढवली?" साकेतने गाडीवाल्यालाच झापलं.

"वही साइज है, भाऊ."

दुसरीची तीच गत झाली. तिसरी साकेतने स्वतः निवडली, अगदी कुपोषित अशी, आणि बोटाने आत ढकलली. ती गेली, पण तिखट पाण्याने तोंडाची अशी आग झाली की डोळ्यांतून धारा लागल्या.

दीप्तीचं हसू मावळलं. कॉलेजात नुकतीच एक दातांची डॉक्टर येऊन तोंड पुरेसं उघडतं का ते बघायला शिकवून गेली होती. "दादा, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल."

"इथे? वेडी झालीस का?"

"घाल ना."

दोन बोटं गेली. तिसरं काही केल्या जाईना. शेजारी शेवपुरी खाणाऱ्या दोन काकांनी, कुणी न सांगता, आपापली बोटं तोंडात घालून पाहिली.

साकेत मनातून हादरला. माजिवड्याच्या ऑफिसखाली मित्रांबरोबर तो मावा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं चोळून एकत्र. "मी काय, एखादीच पुडी," असं तो म्हणायचा. ती एखादी दिवसातून चारदा यायची.

"आईला सांगू नको हं."

"नाही सांगत," दीप्ती म्हणाली आणि घराच्या उंबऱ्यातच सगळं सांगून मोकळी झाली.

आईने, म्हणजे मालनबाईंनी, आधी साकेतच्या सगळ्या पँटचे खिसे उलटे केले, मग रडल्या, मग त्याला धरून कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या भिंतीवरचं तोंडाचं चित्र साकेतने एकदाच पाहिलं. नंतर तो पंख्याकडेच बघत बसला.

"किती खातोस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कधीतरी."

बाईंनी त्याचा गाल आतून ओढून पाहिला.

"चार पुड्या," साकेत म्हणाला.

"गालाची आतली कातडी कडक होत चाललीय. आजपासून बंद केलंस तर तिथेच थांबेल कदाचित. पूर्वीसारखं मात्र होणार नाही. आणि हा पांढरा डाग आहे ना, त्याचा तुकडा काढून तपासू."

साकेतने पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं. "कॅन्सर आहे का?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

"चांगलं खडसवा त्याला, डॉक्टर," मालनबाई म्हणाल्या. "आमच्या घरात आजवर कुणी तंबाखूला हात लावलेला नाही."

बाईंची नजर मालनबाईंच्या दातांवर गेली. "ताई, दात कशाने घासता?"

"मशेरीने. सकाळ-संध्याकाळ. त्याशिवाय माझं पोटच साफ होत नाही."

"मशेरी कशाची करतात?"

"ती काय, तव्यावर भाजलेली तं..." मालनबाई थांबल्या. "पण मी खात नाही हो. नुसती लावते."

"बसा खुर्चीत."

साकेतने उठून जागा दिली. पाणीपुरीपासून स्वतःसाठी घाबरलेला तो आता आईच्या उघड्या तोंडाकडे बघून जास्तच घाबरला. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. मालनबाईंना आ केल्यामुळे काही बोलता येत नव्हतं. असं घरात कधीच घडलं नव्हतं.

"तुमचाही तुकडा घेऊ या," बाई म्हणाल्या आणि हातमोजे बदलायला आत गेल्या.

मालनबाईंनी साकेतची बाही पकडली. आवाज अगदी बारीक झाला होता. "दुखतं का रे, तुकडा काढताना?"

"माहीत नाही," साकेत म्हणाला. "तू ऊठ. आधी मी बसतो, मग तुला सांगतो."